देखाव्याची घरपट्टी

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आधी दुरुस्ती. शनिवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की बाबांनी आकारणीवाल्याच्या गाडीवर कुऱ्हाड घातली. हे चूक आहे. कुऱ्हाडीची धार लागली नाही, मागची बोथट बाजू लागली. तीही गाडीवर नव्हे, गाडीच्या डाव्या आरशावर. आणि मी 'एकदा' असं लिहिलं आहे, ते दोनदा हवं. पहिल्या घावाला आरसा तुटला नव्हता, नुसता लोंबकळत होता. दुसऱ्याची वस्तू अशी अर्धवट लोंबकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून दुसरा घाव. तो मी घातला. शनिवारी हे लिहायचं राहून गेलं.

ही वही दुसरं कोणी वाचणार नाही. म्हणूनच तिच्यात खोटं नको.

मी मूळची शांत स्वभावाची आहे.

क्रॅमची चूक होती. हा क्रॅम गावाने घरांच्या किमती ठरवायला भाड्याने आणलेला आकारणीवाला. आमच्या स्वयंपाकघरात बूट न काढता उभा राहिला, खिडकीतून चार फोटो काढले आणि कागदावर लिहिलं: 'देखावा: डोंगर, रुंद, उत्तम.' त्या एका ओळीचे ब्याण्णव हजार डॉलर. घराची किंमत एकदम चार लाख बारा हजार, आणि घरपट्टी त्या हिशेबाने. गेल्या वर्षीपर्यंत आमच्याकडे देखावा नव्हता. खालच्या उतारावर पाइनची झाडं होती. ऑक्टोबर संपता संपता बॉस्टनच्या गेन्ससाहेबांनी आपल्या नव्या बंगल्यासाठी ती सगळी तोडली आणि आमच्या खिडकीत डोंगर आला. आम्ही बोलावला नव्हता.

बाबा म्हणाले, "जूनअखेर पट्टी कमी झाली नाही तर घर त्याच गेन्सला विकतो. तीनदा विचारलंय त्याने. फ्लोरिडात माझ्या बहिणीकडे जाऊ. तिथे बर्फ नाही आणि व्हर्ना फिलब्रिक नाही."

माझा जन्म या स्वयंपाकघरात झाला. अक्षरशः, चुलीपासून चार फुटांवर. फ्लोरिडात मी मरेन.

घर विकलं जाणार नाही. मी जबाबदारी घेतली आहे.

२४ जानेवारी, शनिवार. दुपारी १

कचरा डेपोवर गेलो. शनिवारी सकाळी सगळं गाव तिथेच भेटतं, त्यामुळे सह्या गोळा करायला याहून चांगली जागा नाही. विषय: १० मार्चच्या गावसभेत आग विझवायच्या शिडीच्या बंबाला विरोध. साडेसहा लाख डॉलरचा बंब, तोही आमच्या घरपट्टीतून! गावात दोन मजल्यांच्या वर फक्त चर्चचा मनोरा आहे. बाबा म्हणतात, देवाला शिडी लागत नाही.

व्हर्नाकाकू तिथे होत्याच. त्या गावच्या कारभारी मंडळाच्या अध्यक्ष, आणि त्यांचे यजमान बंबवाल्यांचे प्रमुख. मला बघून म्हणाल्या, "थर्झा, पोरी, बापाला सांग, आरशाचे एकशे ऐंशी डॉलर झाले. शिवाय काच लागून क्रॅमच्या हाताला तीन टाके."

मी म्हटलं, "दोन."

"तीन. मी मोजले."

"मी पट्टी बांधली तेव्हा दोनाचीच जखम होती."

"मग तिसरा तुझ्या पट्टीमुळे असेल."

मी सह्यांचा कागद त्यांच्यापुढे धरला.

तेवढ्यात गेन्ससाहेब आपल्या चकचकीत गाडीतून बाटल्या घेऊन उतरले. बाबा ओरडले, "गेन्स, तुझ्या डोंगराचं बिल माझ्या घरी आलंय. घेऊन जा!"

ते हसून म्हणाले, "वॉडली, अहो अशा देखाव्यासाठी लोक जीव टाकतात."

"मग टाक," म्हणून बाबांनी हातातला टोस्टर फेकला. गेन्सना लागला नाही. जुन्या वस्तूंच्या शेडमध्ये व्हर्नाकाकूंनी मांडून ठेवलेले काचेचे सहा दिवे गेले. त्यांनी बाबांच्या पोटरीवर लाथ घातली. सत्तर वर्षांच्या बाईच्या मानाने लाथ चांगली होती, हे मान्य करायला हवं.

तरी चौऱ्याहत्तर सह्या मिळाल्या! कोणी वाददेखील घातला नाही. मी समजावून सांगत होते, बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांच्या हातात लोखंडी सळई होती, पण ती भंगारात टाकायला आणलेली. लोकांना मुद्दा पटला.

दुरुस्ती: तीन टाके. क्रॅमला फोन करून विचारलं. त्याने फोन आपटला, पण आधी आकडा सांगितला.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११

उपाय सापडला. जी वस्तू आपण वापरत नाही तिचे पैसे का द्यायचे? आम्ही देखावा वापरायचाच नाही.

आमच्या घरी सगळं सभेच्या नियमाने चालतं. मी शाळेत गेले नाही. बारा वर्षं याच टेबलावर शिकले: आईकडून गणित आणि व्याकरण, बाबांकडून सभाशास्त्र. सहा वर्षांची असल्यापासून मीठ हवं असेल तर सूचना मांडायची, अनुमोदन मिळवायचं, मग मतदान. एकदा आईने अनुमोदन दिलं नाही म्हणून मी आठवडाभर अळणी खाल्लं. गावात माझ्याइतके नियम कोणाला येत नाहीत. त्याचा मला गर्व नाही.

सूचना: डोंगराकडच्या तिन्ही खिडक्या झाकाव्यात. बाजूने दोन, विरुद्ध एक. आईने विरोधाचं कारण दिलं नाही. डाव टेबलावर असा ठेवला की रस्सा भिंतीपर्यंत गेला.

घोड्यांच्या जुन्या घोंगड्या खिळे मारून बसवल्या. एकतीस खिळे. बाबांच्या मनात प्रत्येक खिळ्याच्या जागी कोणीतरी होतं असं वाटलं; मधल्या खिडकीची चौकट उभी चिरली आणि एक काच फुटली. बाहेर उणे अठरा. आता घोंगडीतून वारा येतो. पण देखावा येत नाही.

माझा अंगठा काळानिळा. शांत आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

घरातच फितुरी.

चर्चहून आल्यावर मी जिन्यावर थांबले होते (पाळत नाही, बुटाची नाडी). आई भांडी घासताना डाव्या हाताने घोंगडीचा कोपरा उचलते आणि बाहेर बघते. मी घड्याळ लावलं. तीन मिनिटं दहा सेकंद.

मी समोर जाऊन उभी राहिले. वाटलं, ओशाळेल. ती म्हणाली, "तीस वर्षं पाइनच्या बुंध्यांकडे बघत भांडी घासली मी. आता कुठे डोंगर आलाय. तुझे कायदे तिकडे टेबलावर ठेव."

मी म्हटलं, "आई, या बघण्यात आपलं घर जाईल."

"घर असून तोंड भिंतीकडेच करायचं असेल तर तुरुंग काय वाईट?" आणि तिने बिडाचा तवा सिंकमध्ये टाकला. सोडला नाही, टाकला. सिंकचा कोपरा उडाला.

आता 'आम्ही देखावा वापरत नाही' हे वाक्य मी प्रामाणिकपणे लिहू शकत नाही. रोज मोजून नोंद ठेवावी लागेल.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

आठवड्याचा हिशेब. आई: दिवसाला सरासरी अकरा मिनिटं. मी: चार, तीही तपासणीसाठी. बाबा अंगणात जाऊन डोंगराकडे बघतात आणि शिव्या देतात, साधारण सहा मिनिटं. रागाने बघणं हा उपभोग होतो का? आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांना दुसरा कुठला उपभोग ठाऊक आहे?"

धरला.

घोंगड्या कुचकामी. पोस्टात व्हर्नाकाकू म्हणाल्याच: "पडदे लावून पट्टी कमी होत असती तर अख्खं गाव अंधारात बसलं असतं, पोरी." तेव्हा भिंत हवी. पक्की. अंगणात जळणाच्या लाकडांची रास रचतो आहोत, चाळीस फूट लांब, नऊ फूट उंच. बाबा फोडतात, मी रचते. प्रत्येक ओंडका फोडताना ते एक नाव घेतात. सोमवारी फक्त व्हर्ना. मंगळवारी क्रॅम. उरलेला आठवडा गेन्स, कारण ओंडके जाड होते. कधी कधी मीही कुऱ्हाड घेते. मी नाव घेत नाही. मनात घेते.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.३०

गेन्ससाहेबांचं गळ्याखालचं हाड मोडलं.

घटना अशी. ते सकाळी ब्लूबेरी भरून भाजलेला 'पाय' (खायचा) घेऊन आले. बाबांशी भिंतीपाशी उभं राहून बोलले. म्हणाले, "वॉडली, ही काय सर्कस? घर मला द्या. झाडं मी कापली, डोंगर माझ्यामुळे दिसतो, तर तो पुरताच माझा होऊ दे." बाबांनी एक फाटा उचलला. गेन्ससाहेब मागे सरले. भिंतीला टेकले. भिंत अंगावर आली.

मी ढकललं नाही.

दुरुस्ती: मी एका हाताने ढकललं. भिंतीला नव्हे, त्यांना. ते ब्लूबेरीच्या 'पाय'वर पडत होते, तो वाचवायला.

दोन ओंडके त्यांच्या खांद्यावर, एक बाबांच्या पावलावर. बाबांना हसू आवरेना. मग पाऊल सुजल्यावर आवरलं. मी आणि आईने गेन्सना स्वयंपाकघरात आणलं, बर्फ लावला. आईने त्यांच्यासाठी घोंगडी वर केली. ते वेदनेत होते तरी म्हणाले, "वा!" आणि नऊ मिनिटं बघत बसले. पाहुण्याचं बघणं आमच्या खात्यात धरायचं का? धरलं.

जाताना म्हणाले, "पोलिसांत जात नाही. पण जूनअखेर पट्टी उतरली नाही तर घर मला. शब्द द्या." बाबांनी शब्द दिला. पावलाच्या कळेत दिला, पण दिला.

आता सगळं माझ्या पट्टीच्या अर्जावर.

२८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.४०

पट्टी कमी करण्याच्या अर्जाची शेवटची तारीख उद्या. उद्या रविवार. म्हणून आजच दिला.

तीन दिवस फॉर्म भरत होते. सोळाव्या रकान्यापर्यंत काही अडचण नव्हती. सोळावा: 'आपल्या मते मालमत्तेची खरी किंमत किती?' बाबा पलंगावरून ओरडले, "तीन लाख दहा हजार लिही! फार तर पंधरा!" पण फॉर्मच्या तळाशी लिहिलं आहे, 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे.' माझ्या समजुतीप्रमाणे. बाबांच्या नव्हे.

म्हणून काल सकाळी मी एक घोंगडी पूर्ण काढली आणि खुर्ची घेऊन बसले. न्यायाधीशासारखी. सात वाजता डोंगराच्या माथ्यावर ऊन आलं, आधी गुलाबी, मग ते हळूहळू खाली उतरलं, जसं कोणी पांघरूण काढतंय. खालच्या तळ्यावर वाफ होती. आई हात पुसत येऊन माझ्यामागे उभी राहिली. चहा गार झाला.

ब्याण्णव हजार हा आकडा चूक आहे. क्रॅम दुपारी आला होता, ढगाळ दिवशी, चार फोटो काढून गेला. त्याने सकाळ धरलेलीच नाही.

मी खरा आकडा लिहिला. चार लाख त्रेचाळीस हजार. सोबत मिनिटांचा तक्ता आणि दोन पानी पत्र, की आम्ही इतके प्रामाणिक लोक आहोत, आमच्यावर अन्याय करणं गावाला शोभतं का. इतका प्रामाणिक अर्ज त्या कचेरीत आजवर आला नसेल. वाचून त्यांना लाज वाटेल. लाज वाटलेला माणूस पट्टी कमी करतोच.

बाबांनी न वाचता सही केली. म्हणाले, "तू शिकलेली आहेस." आकडा सांगितला नाही. निकालाच्या दिवशी सुखद धक्का बसेल.

कचेरी बंद म्हणून घरीच गेले; व्हर्नाकाकू आपल्या दारातला बर्फ काढत होत्या. मला बघून फावडं उगारलं. मी अर्ज फावड्यावर ठेवला आणि पोच मागितली. त्यांनी पहिलं पान वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत पान वाचलं. आवाज एकदम बदलला. "थर्झा, हा आकडा तूच लिहिलास ना, पोरी? नक्की?"

"हो. विचार करून."

त्यांनी फावडं खाली ठेवलं आणि मला घरातून गरम डोनट आणून दिला.

वितळल्या. मी म्हटलं होतं.

९ मार्च, सोमवार. सकाळी ८

उद्या गावसभा. तयारी पूर्ण. विरोधात चौऱ्याहत्तर, बाजूने माझ्या मोजणीप्रमाणे एकसष्ट. माझं भाषण अकरा मिनिटांचं. बाबांना निक्षून सांगितलं आहे: हात खिशात. त्यांनी मान्य केलं. ठराव करून घेतला, तीन विरुद्ध शून्य. आईसुद्धा बाजूने.

१० मार्च, मंगळवार. सायंकाळी ५

क्रमाने लिहिते. अक्षर वाकडं आलंय, माफ करा. कोणी माफ करायचं म्हणा, पण असो.

सकाळी नऊला सभा सुरू. सभापती हॉइट. चौथा विषय ग्रंथालय. मी तिथे आठवड्याला बारा तास काम करते. खर्चाला विरोध करायचा आणि स्वतःचा पगार तेवढा सोडायचा हे मला जमणार नाही. म्हणून उभी राहिले आणि सूचना मांडली: मदतनीसाचं पद रद्द करावं. मग टाळ्या. एकमताने मंजूर! माझी पहिलीच सूचना. सुरुवात उत्तम झाली.

नववा विषय शिडीचा बंब. मी भाषणाच्या तिसऱ्या मिनिटावर होते तेव्हा गेन्ससाहेबांनी हात वर केला, एकच, दुसरा झोळीत. ते गावचे मतदार नाहीत. बाहेरच्याला बोलायचं असेल तर सभेची परवानगी लागते. सभापतींनी विचारलं, "कोणाचा आक्षेप?"

एकाने आक्षेप घेतला असता तर मतदान झालं असतं, आणि आमचे चौऱ्याहत्तर होते. सगळे माझ्याकडे बघत होते. पण नियम असा आहे की पाहुण्याला सभ्यपणे ऐकावं. मी म्हटलं, "आक्षेप नाही." बाबा माझ्याकडे बघत होते. हात खिशातच होते.

गेन्स म्हणाले, "मी इथे नवा आहे. पण या गावावर माझा जीव जडलाय. बंबासाठी वीस हजार मी देतो. आणि वॉडलीकुटुंबाचं घर लवकरच..."

हात खिशातून निघाले.

पहिला ठोसा झोळीवर. हे बरं दिसलं नाही, मान्य आहे. मग बंबवाल्यांपैकी दोघे बाबांवर पडले. मग आमच्या बाजूचा लाकूडगिरणीवाला त्या दोघांवर. बाकं उलटली. सभापती हातोडा आपटत होते. कोणीतरी हातोडा हिसकावून घेतला आणि मग तो दुसऱ्याच कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. सगळी झुंबड दारातून बाहेर पार्किंगमध्ये गेली. चिखल, रक्त, एक दात. आमची माणसं खरी जिवाची: चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर बाहेर आली. काही मदतीला, काही बघायला, काही पैज लावायला.

मी भांडण सोडवायला गेले. सोडवताना लाकडी घडीची खुर्ची वापरली. चार वेळा.

आत व्हर्नाकाकूंची माणसं जागेवर बसून होती. त्यांनी चर्चा आवरती घेण्याची सूचना मांडली. अनुमोदन मिळालं. मतदान झालं. नियमाप्रमाणे सगळं चोख. मी स्वतः आत असते तर एका शब्दाने अडवू शकले नसते. बंब मंजूर. एकसष्ट विरुद्ध एक. विरोधातलं एक मत आईचं. ती जेवणाचे बीन्स वाढायला हॉलच्या स्वयंपाकघरात होती, डाव हातात घेऊन आली, मत दिलं, परत गेली.

नंतर पार्किंगमध्ये येऊन तिने बाबांचं नाक हाताने सरळ केलं. कट असा आवाज आला. मला म्हणाली, "खुर्ची ठेव आता."

११ मार्च, बुधवार. सकाळी ७

दुरुस्ती. चार वेळा नव्हे, सहा. चौथ्यानंतरची खुर्ची दुसरी होती म्हणून घोळ झाला.

एकूण परिस्थिती वाईट नाही. बंब ही किरकोळ गोष्ट आहे. पट्टीचा अर्ज हाच खरा मुद्दा, आणि तिथे आमची बाजू भक्कम.

१९ एप्रिल, रविवार

सगळीकडे चिखल. बाबांच्या नाकाला आता डावीकडे कल आहे. ते दिवसभर लाकडं फोडतात. भिंत पुन्हा उभी राहिली, पहिलीपेक्षा फूटभर उंच. नोकरी नसल्याने मला रचायला वेळ मिळतो. तो ठरावाचा फायदाच.

आई आता भिंतीच्या वरून बघण्यासाठी माळ्यावर जाते. सोळा मिनिटं.

बाबा रोज विचारतात, "उत्तर आलं?" मी म्हणते, "येईल. चांगल्या उत्तराला वेळ लागतो."

२६ जून, शुक्रवार. सकाळी १०.१५

पत्र आलं.

'अर्ज नामंजूर. क्षेत्रातील देखाव्याचे मूल्य कमी धरले गेल्याचे अर्जदाराने स्वतः, सप्रमाण दाखवून दिले आहे. पुढील आकारणीत अर्जदाराचा आकडा ग्राह्य धरला जाईल. तसेच त्याच दराने त्या उतारावरील सर्व घरांची फेरआकारणी होईल. अंगणातील लाकडी भिंत: कायम बांधकाम, स्थिती चांगली, तीन हजार दोनशे डॉलर.' खाली व्हर्नाकाकूंची सही. सोबत हाताने लिहिलेली ओळ: 'पोरी, तुझं पत्र फार सुंदर होतं. क्रॅमने घरी नेलंय.'

बाबांना दाखवलं. त्यांनी सोळावा रकाना वाचला. माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर गेले आणि भिंतीचा एकेक ओंडका उचलून उतारावर फेकू लागले. मला वाटलं नावं घेतील. नाही घेतली. दुपारपर्यंत भिंत नव्हती. मग आत आले आणि म्हणाले, "गेन्सला बोलाव."

२८ जून, रविवार. दुपारी २

गेन्ससाहेब कागदपत्रं घेऊन आले. बाबांनी शब्द पाळला, सही करायला पेन काढलं. गेन्सनी सवयीने पट्टीचा कागद मागितला. वाचला. नवीन आकडा, वर बंबाचा वाटा. मग स्वतःच्या बंगल्याचा हिशेब मनात केला असावा, कारण त्यांचा देखावा आमच्यापेक्षा रुंद आहे.

"हा दर कोणी काढला?"

बाबांनी पेनाने माझ्याकडे दाखवलं.

गेन्स उभे राहिले. "एवढी पट्टी? मी काय वेडा आहे? मी माझंच विकायला काढतो!" आणि निघाले. बाबा त्यांच्यामागे धावले, "शब्द! शब्द दिलाय मी!" असं ओरडत. गाडीच्या टपावर दोन मुठी मारल्या. गेन्सनी काच वर केली. बाबा चिखलात बसले आणि बराच वेळ बसून राहिले.

म्हणजे घर विकलं जाणार नाही.

मी म्हटलं होतं, घर विकलं जाणार नाही.

२९ जून, सोमवार. सकाळी ६.३०

काल रात्री जेवताना बाबांनी नियम पाळला नाही. मीठ हवं होतं तेव्हा हात लांब करून घेतलं. सूचना नाही, अनुमोदन नाही.

फेरआकारणीच्या नोटिसा उतारावरच्या घरांना पोचल्या. माझ्या चौऱ्याहत्तरांपैकी बावन्न तिथेच राहतात. काल संध्याकाळी कोणीतरी आमची टपालपेटी बेसबॉलच्या बॅटने उडवली. मग खिडकीवर दगड. लाकूडगिरणीवाला स्वतः दारात आला आणि म्हणाला, "तुझ्या बाजूने मी दात गमावला, थर्झा. आता तुझ्यामुळे घर गमावतो." आणि दाराची एक फळी लाथेने आत घातली. त्याची सही यादीत पहिली होती. लोक घरपट्टीच्या प्रश्नावर जागे झाले आहेत, यात शंका नाही. ही जागृती कोणी आणली, याची गावाला पुढे कधीतरी जाणीव होईल.

फुटक्या काचेतून डोंगर स्वच्छ दिसतो. घोंगड्या आईने काल काढून धुतल्या. ती उघड उघड खुर्ची टाकून बसली आहे. बेचाळीस मिनिटं झाली, अजून चालू.

मी शेजारी बसले आणि नामंजुरीचं पत्र परत वाचलं. वाचताना लक्षात आलं. अर्जात माझी एक गंभीर चूक झाली आहे. मी फेब्रुवारीतल्या एका सकाळवरून किंमत ठरवली. ऑक्टोबर धरलेलाच नाही. येत्या ऑक्टोबरात पानं गळण्याआधी तो अख्खा डोंगर लाल होणार, आणि ते आम्ही आजवर कधी पाहिलेलंच नाही. आकडा पुन्हा कमी आहे. बराच कमी आहे. असा अपुरा कागद सरकारदरबारी माझ्या हातचा राहिला तर मला जेवण जाणार नाही. त्यांनी नामंजूर केला तो बहुधा याच कारणासाठी.

वरच्या बोर्डाकडे अपील करता येतं. मुदत मंगळवार, १ सप्टेंबर. बाबांची सही लागेल. ते वाचत नाहीत. आजच देते, सकाळी आठला, कचेरीचं दार उघडताच.